दोन वर्षं जुना बोर्ड

जालन्यात आता हातानं अक्षर काढणारे पेंटर किती उरले म्हणाल, तर मोजायला एका हाताची बोटं जास्त होतात. बाकीच्यांनी ब्रश धुऊन माळ्यावर टाकले आणि फ्लेक्सच्या दुकानात माऊस हलवत बसले. मी बसलो नाही. मला ते जमलं नाही असं माझा मुलगा फहीम म्हणतो आणि मला ते करायचंच नव्हतं असं मी म्हणतो. दोन्ही खरं आहे. मी फकरोद्दीन पेंटर. आमच्या घरात उर्दू बोलतात, पण माझ्याइतका देखणा ‘ण’ आणि ‘ळ’ काढणारा माणूस या शहरात दाखवा, मी आज धंदा सोडतो.

फ्लेक्स आल्यावर मला जगवलं ते एमआयडीसीतल्या सळईच्या मिलांनी. भट्टीच्या धगीत फ्लेक्स टिकत नाही, आठ दिवसांत आकसून गोळा होतो. म्हणून तिथं अजून पत्र्यावर आणि भिंतीवर हातानं लिहावं लागतं. ‘हेल्मेट घाला’, ‘धूम्रपान मनाई’, ‘पुढे धोका आहे’. ही अक्षरं कामगारांनी वाचावीत म्हणून कोणी लिहून घेत नाही. साहेब तपासणीला येतो, त्याला दिसावीत म्हणून घेतात. मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं आणि माझी त्याबद्दल काही तक्रारही नव्हती.

गेल्या मे महिन्यात एका मिलमधून राधेश्यामजींचा निरोप आला. मिलचं नाव लिहीत नाही. राधेश्यामजी तिथले मॅनेजर. ते नालायक होते असं सांगून मला मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं नाही. दर ईदला ते आमच्याकडे शीरखुर्मा खायला येतात, आणि बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या फहीमला त्यांनीच मिलच्या वजनकाट्यावर लावून घेतलं.

“फकरूभाई, एक बोर्ड पाहिजे,” ते म्हणाले. “‘पिण्याचे पाणी’ एवढंच लिहायचं. पण नवा दिसायला नको. दोन वर्षांचा दिसला पाहिजे.”

काहून, असं मी विचारलं नाही. तीन दिवसांपूर्वी तिथं भट्टीजवळ एक माणूस चक्कर येऊन पडला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेला, हे मी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

राधेश्यामजींनी जागा दाखवली. एका खांबाला नवा नळ बसवला होता, खालचं सिमेंट अजून ओलं होतं. ते मला समजावून सांगायला लागले, “कायद्यातच आहे. कारखान्यात प्यायच्या पाण्याची जागा पाहिजे आणि त्या जागेवर कामगाराला वाचता येईल असा बोर्ड पाहिजे.”

“आणि पाणी?” मी विचारलं.

“टँकर येणारच आहे.”

मी हात धुवायला नळ सोडला तर आतून नुसती हवा आली. मी नळ बंद केला आणि कामाला लागलो.

जुना बोर्ड करणं हे नव्या बोर्डापेक्षा अवघड काम आहे. आधी गंजका पत्रा शोधायचा. रंगात टर्पेंटाइन जास्त घालून तो पातळ करायचा, अक्षर लिहून उन्हात वाळवायचं, मग बारीक पॉलिश पेपरनं कडा घासायच्या, पण सगळीकडे सारख्या नाही. जिथं माणसाचा हात किंवा खांदा लागेल तिथं जास्त. वरून चहाचं उकळलेलं पाणी फडक्यानं फिरवायचं आणि शेवटी भट्टीची काजळी. संध्याकाळपर्यंत बोर्ड असा झाला की मलाच वाटलं, हा आपण कधी लिहिला होता बरं. खोटं कशाला सांगू, मला त्या कामात मजा आली. वर्षानुवर्षं कोणी माझ्या हाताला एवढं आव्हान दिलं नव्हतं.

आणि त्या मजेतच चूक झाली. बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात ‘फकरोद्दीन पेंटर’ आणि खाली मोबाइल नंबर टाकायची आम्हा लोकांची रीत. हात आपोआप तिथं जातो, डोकं विचारावं लागत नाही. माझा जुना नंबर माझ्या थोरल्या भावाच्या, अबुबकरच्या नावावर होता. एप्रिलमध्ये फोन टर्पेंटाइनच्या डब्यात पडला, सिम गेलं, आणि भाऊ तर चार वर्षांपूर्वीच गेलेला. मेलेल्या माणसाच्या नावाचं सिम कंपनी परत देईना. म्हणून नवा नंबर घेतला. जालनाभर माझ्या नावाखाली लागत नसलेला नंबर लटकतो आहे या चिडीनं मी महिनाभर जिथं तिथं नवा नंबर ठळक लिहीत सुटलो होतो. दोन वर्षं जुन्या बोर्डावरही मी तोच लिहिला. महिन्यापूर्वी घेतलेला.

राधेश्यामजींना ते कळलं नाही. मलाही नाही. आठवड्यानं तपासणीचे साहेब आले, बोर्ड पाहिला, त्याच सकाळी टँकरनं भरलेली टाकी पाहिली, पाण्याची सोय आहे असं लिहून गेले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एका बाईचा फोन आला. “फकरोद्दीन पेंटर का? तुमचं दुकान कुठंशी हाये?” मला वाटलं, कुठल्या तरी पिठाच्या गिरणीचं काम असेल. पत्ता दिला. तासाभरात ती दुकानात आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, हातात कापडी पिशवी. मी स्टूल पुढे केलं, पाण्याचा तांब्या दिला. तिनं पाणी पिऊन तांब्या नीट जागेवर ठेवला.

“मी पुष्पाबाई,” ती म्हणाली. “धावड्याची. भोकरदन तालुका. त्या मिलमधी मालक गेले माझे. रामकिसन नाव.”

माझ्या हातात ब्रश होता, तो मी उगाच पुसत राहिलो.

तिनं सांगितलं ते असं. रामकिसन चार वर्षं त्या मिलमध्ये भट्टीवर होता. इथं पाणी मिळत नाही म्हणून तो दोन बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचा, सगळेच न्यायचे. त्या दिवशी अकराच्या आत दोन्ही संपल्या. तो गेटवर गेला, बाहेरच्या टपरीवर पाणी पिऊन येतो म्हणाला. वॉचमन तातेरावनं पासाशिवाय सोडायचा हुकूम नाही म्हणून परत पाठवलं. तातेरावच्या केबिनमध्ये त्याचा स्वतःचा पाण्याचा कॅन होता. तोही त्यानं पुढे केला नाही, कारण वरच्या खिडकीत सुपरवायझर उभा होता. एकच्या सुमाराला रामकिसन पडला. त्याच्या शेजारी काम करणाऱ्या बिहारच्या पोरानं हे तिला फोनवर सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी तो गाडीत बसून मुलखाला निघून गेला. आता त्याचा फोन लागत नाही.

तातेरावचं ऐकून माझ्या तोंडून शिवी गेली. पाण्याला नाही म्हणणारा माणूस, मग तो कोणीही असो, मला माणूसच वाटत नाही, असं मी तिला म्हणालो. 

“कपडे अन् डबा न्याला गेल्ते मी मिलमधी,” ती सांगत होती. “तातेरावच घिऊन गेला मला आत, ते पडले ती जागा दावाया. तिथं तुमचा बोर्ड दिसला. मला सातवीपस्तोर वाचता येतं. मी म्हणलं, हे कसं काय? माझा मानूस तर रोज म्हणायचा, आमच्याकडं पान्याचा ठिपका न्हाई. नळ पाह्यला तर कोरा. मंग तातेरावनं बोर्डावरचा तुमचा नंबर वाचून सांगितला, मी उतरून घेतला. म्हणलं, लिव्हनाऱ्याला ठाव असंल कधी लिव्हला ते.”

“तुम्हाला त्याचं काय करायचंय, बाई?” मी विचारलं. “नुकसानभरपाईचा दावा लावायचाय का?”

“न्हाई.” तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, “मिलवाल्यायनी गावात सांगितलं, पिऊन आल्ता म्हणून पडला. जल्मात दारूला शिवले न्हाईत ते. दिराकडून सही घेतली, पोस्मार्टमची फाडाफाडी नको म्हणून. आता कागद न्हाई, काही न्हाई. आमच्याकडं गेलेल्या मानसाच्या नावानं पानपोई लावत्यात. मी फाट्यावर दोन रांजन ठिवले त्यांच्या नावानं. तर लोक म्हणले, दारुड्याच्या नावाचं पानी कोन पितं. दोन दिवस रांजन भरलेले राह्यले. एक मानूस आला न्हाई. तिसऱ्या दिवशी मीच वतून दिले.”

मी मान खाली घातली. जन्मात दारूला शिवला नसलेला माणूस पाण्यावाचून मेला आणि दारूत बुडून मेला म्हणून गावात नाव झालं. आणि त्या नावावर वरून रंगाचा हात मारला तो मी.

“मला एवढं एकच पाह्यजे,” ती म्हणाली. “सरकारी कागदावर यावं, की त्या दिवशी तिथं पानी नव्हतं. तो कागद मी ग्रामपंचायतीच्या भिताडावर लावीन. मंग कुनी प्यावं, न्हाई प्यावं, त्यांची मर्जी.”

मी तिला सगळं सांगितलं. बोर्ड कधी लिहिला, कसा जुना केला, नळातून काय आलं. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, “मंग हे तुमी लिहून द्याल का, चाचा?” बोर्डावरच्या नंबरची गोष्ट माझ्या ध्यानात आली ती तेव्हाच. बोर्ड दोन वर्षांपूर्वीचा असेल तर त्यावर एप्रिलमध्ये घेतलेला नंबर कसा? याला माझ्या शब्दाचीही गरज नव्हती. कंपनीचा कागदच सांगणार, सिम कुठल्या तारखेचं आहे ते. पहिल्यांदा मला माझ्या चुकीचा अभिमान वाटला.

मी अर्ज लिहून दिला. माझ्याच हातानं, पुष्पाबाईच्या नावानं. खाली तिनं सही केली. मुद्दे नीट मांडले: पाणी नव्हतं, बोर्ड नंतर लावला, बोर्डावरचा मोबाइल नंबर पाहावा. लेखी जबाब साहेबांसमोर देतो, असं मी तिला तोंडी सांगितलं. ती उठताना म्हणाली, “तुमचं अक्षर लई चांगलं हाये.” त्या दिवशी मी घरी जाऊन आसिफाला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांत बायकोनं माझ्या कामाकडे कधी कौतुकानं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

अर्जाचा प्रवास कसा होतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ऑफिसात तो आवक होतो, आणि साहेबाच्या टेबलावर जायच्या आधी त्याची नक्कल ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या टेबलावर जाऊन बसते. चौथ्या दिवशी दुपारी राधेश्यामजी दुकानात आले. बाहेर गाडी उभी करून, एकटेच. माझ्यासमोर त्यांनी नक्कल ठेवली.

“फकरूभाई, अक्षर ओळखीचं वाटलं,” ते म्हणाले.

मी नक्कल उलटी करून ठेवली. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता, आणि गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. ते स्टुलावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, “शुक्रवारी साहेब परत येणार. मालक मला विचारतात, हे कोणी केलं? मी काय सांगू? वजनकाट्यावरच्या पोराच्या बापानं केलं म्हणून सांगू? मी नाव घेतलं नाही अजून.”

“फहीमचा यात काय संबंध?”

“काहीच नाही. म्हणून तर मी आलो.” मग ते उभे राहिले. “बोर्ड खराब झालाय जरा. कोपरा दुरुस्त करून टाका. जुना नंबर तुम्हाला पाठ असेलच.”

संध्याकाळी फहीम घरी आला. त्याला काय सांगितलं होतं मला माहीत नाही, पण त्याचं तोंड उतरलं होतं. तो जेवला नाही. आसिफानं दोनदा विचारल्यावर म्हणाला, “अब्बा, मेरी सगाई अगले महीने है. मैं कुछ नहीं बोलता. आप को जो ठीक लगे वो करो.” पोरगा ओरडला असता, भांडला असता, तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं. तो मुकाट्यानं पाणी प्यायला आणि झोपायला गेला. आसिफा माझ्याकडे बघत होती. या वेळी ते कौतुक नव्हतं. काय होतं ते मी वाचलं नाही, वाचायचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी लुनावर बसून मिलमध्ये गेलो. कोणी मला धरून नेलं नाही. वाटेत दोनदा थांबलो, एकदा तर लुना फिरवलीसुद्धा. मग परत फिरवली. बोर्डासमोर बसून मी तो कोपरा खरवडला, जुन्या रंगाचा पट्टा दिला आणि अबुबकरच्या नावाचा तो लागत नसलेला नंबर लिहिला. दहा आकडे. एकही आकडा पुन्हा गिरवावा लागला नाही. पॉलिश पेपर मारला, चहाचं पाणी फिरवलं, काजळी लावली. कोणी म्हणणार नाही की या बोर्डाला दोन वर्षांत पेंटरचा ब्रश लागला आहे.

शुक्रवारी साहेब आले. जूनचा शेवट होता, पाऊस नव्हता, पत्र्याच्या शेडखाली उभं राहवत नव्हतं. साहेब तरुण होते, हातात फाईल आणि कपाळावर आठ्या. पुष्पाबाई सकाळच्या एसटीनं आली होती. मला पाहून तिचा चेहरा एकदम खुलला, आणि मी चष्मा पुसायला लागलो.

ती सरळ बोर्डाकडे गेली आणि बोट ठेवून म्हणाली, “साहेब, ह्यो नंबर पाहा. ह्यो एप्रिलमधी घेतलेला हाये चाचांनी. अन् बोर्ड म्हणं दोन सालाचा.”

साहेबांनी नंबर आपल्या फोनवर लावला आणि स्पीकर चालू केला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं ती बाई मशीनमधून मराठीत आणि मग हिंदीत सांगत राहिली. पुष्पाबाईनं पुढे वाकून आकडे वाचले. मग पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला, त्यावरचे आकडे वाचले, परत बोर्ड वाचला. सातवी शिकलेली बाई आकडा आकडा बोटानं पुढे सरकत होती आणि सगळी मिल तिच्याकडे पाहत होती.

“ह्यो नव्हता,” ती म्हणाली. “साहेब, ह्यो नंबर नव्हता इथं. तातेराव, तुमीच वाचून सांगितला ना मला?”

तातेराव खांबाआड उभा होता. “मला चष्म्याबिगर दिसत न्हाई, बाई,” तो म्हणाला. “म्या काही वाचलं न्हाई.”

साहेब माझ्याकडे वळले. “पेंटर तुम्हीच ना? बोर्ड केव्हा लिहिला?”

राधेश्यामजी दूर उभे होते, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. पलीकडे वजनकाट्याच्या खिडकीत फहीमचं डोकं दिसत होतं, रजिस्टरवर वाकलेलं. मी पुष्पाबाईकडे पाहिलं नाही.

“दोन वर्षं झाली,” मी म्हणालो.

“आणि हा अर्ज? अक्षर तुमचं दिसतंय.”

“बाईंनी सांगितलं तसं मी लिहून दिलं, साहेब. आमचा धंदाच तो.”

हे वाक्य मी आधी ठरवून गेलो नव्हतो. ते आपसूक आलं, आणि इतकं सफाईनं आलं की मी स्वतःच चमकलो. साहेबांनी ते लिहून घेतलं. मग नळ सोडला. आता त्यातून पाणी आलं, गार पाणी. टाकीला नवं फिल्टर बसवलं होतं. साहेब ओंजळीनं दोन घोट प्यायले, मग त्यांनी रुमालानं हात पुसले. “पाणी चांगलं आहे,” ते म्हणाले.

पुष्पाबाई अजून बोर्डासमोरच उभी होती. तिनं फक्त एकच विचारलं. “साहेब, नळाचं जाऊ द्या. ह्या वॉचमनजवळ त्या दिवशी कॅन होता भरलेला. माझ्या मानसानं मागितलं. त्यानं द्याला नको होतं का? कायद्यात बसत न्हाई का ते?”

साहेबांना तिची दया आली असावी. ते नीट समजावून सांगू लागले. “बाई, कारखान्यानं कामगाराला पाणी दिलंच पाहिजे असा कायदा आहे. इथं जागा आहे, बोर्ड आहे, पाणी आहे. एका माणसानं दुसऱ्याला आपल्याजवळचं पाणी द्यावं, असा काही कायदा नाही. ते ज्याच्या त्याच्यावर.” मग त्यांनी फाईल मिटली. तक्रारीत तथ्य आढळलं नाही असा कागद आठ दिवसांत तिच्या पत्त्यावर येईल, असंही सांगितलं. तिला सरकारी कागद हवा होता, तो मिळणार होता.

मी त्या गर्दीतून बाहेर पडलो तेव्हा ती मिलबाहेरच्या फाट्यावर बाभळीखाली भोकरदनच्या गाडीची वाट बघत उभी होती. मला सरळ लुनावर बसून निघून जाता आलं असतं. निर्लज्जपणा म्हणा, नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा, मी टपरीवरून पाण्याची गार बाटली घेतली आणि तिच्याकडे गेलो. दुपारचा एक वाजला होता. तिच्या ओठांवर पांढरे पापुद्रे आले होते.

“माझ्या पोराची नोकरी आहे इथं,” मी म्हणालो. 

“हो का,” ती म्हणाली. “कोन, ते काट्यावरचं पोरगं? तुमच्यावानी दिसतंय.” तिच्या आवाजात राग असता तर मी तिचे पाय धरले असते. राग नव्हता, काहीच नव्हतं. नंबरचा कागद घडी करून तिनं पिशवीत ठेवला.

मी बाटली पुढे केली. ती बाटलीकडे पाहत राहिली, पण हात पुढे आला नाही.

“चाचा, एक सांगा मला,” ती म्हणाली. “त्या दिवशी गेटवर तातेरावच्या जागी तुमी असते, अन् वर खिडकीत तो सुपरवायझर उभा असता, तर दिलं असतं का हो पानी?”

“दिलं असतं,” मी लगेच म्हणालो. “असं काहून विचारता, बाई? कोणीही दिलं असतं.”

तिनं मान हलवली, लहान लेकराच्या बोलण्याला हलवावी तशी. तेवढ्यात गाडी आली. गाडीत जागा नव्हती, ती दाराच्या पायरीवरच उभी राहिली आणि कंडक्टरनं दोरी ओढली.

आता तीन महिने झाले. आसिफा माझ्याशी कामापुरतं बोलते, फहीमची सगाई झाली, मिलनं मला आणखी सहा बोर्ड दिले आणि मी ते लिहिले. पुष्पाबाईचा फोन परत आला नाही. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, मी तो लावलेला नाही. तिच्या त्या प्रश्नाला मी एवढ्या झटकन हो म्हणालो, ते मी रोज परत परत ऐकतो. रामकिसन पडला त्याच्या आदल्या दिवशी कोणी तातेरावला विचारलं असतं, तर तोही असाच झटकन हो म्हणाला असता.